बेढबांचे वकील

आमच्या शेजारच्या सरांना चापूनचोपून बसवलेली कुठलीच गोष्ट आवडत नाही. मंडईतही वांगी निवडताना हात नेमका वाकड्यावर पडतो. संशोधनही तसल्याच दीर्घिकांवर: बटू, अनियमित, ना डौलदार बाहू, ना मध्ये फुगवटा. "सर्पिल दीर्घिका कॅलेंडरवर छापतात. आमच्यांना कोण विचारतं?" हे ते शेवटच्या बाकावरच्या पोरांच्या मास्तरासारखं म्हणतात.

नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकतात. तिथे मोबाइल बंद ठेवायचा, म्हणून सरांचा पुण्यातही बंदच. फोन आमच्याकडे येतात. घरी मिक्सर लागला की सर दचकतात.

परवा मी गेलो तेव्हा वहिनी थालीपीठ थापत होत्या. सरांना फळाच मिळाला.

"बघा, मधून बाहेर थापत जातात ना? सर्पिलांची तबकडी साधारण अशीच वाढते. आमच्याकडे उलटं. कडेला तारे घडणं आधी थंडावतं आणि काम हळूहळू आत सरकतं." वहिनींनी बोटानं पाच भोकं पाडली. "हे अतिनवतारे! मोठे तारे फुटले की वायूत भोक पडतं. आमच्या तबकड्या संथ फिरतात, त्यामुळे ते चटकन बुजत नाही. आणि काठावर वायू दाबला गेला की तिथेच नवे तारे..."

"तेल सोडू का?" वहिनी.

"काठाला सोड. तिथेच कुरकुरीत होतं."

मग एनजीसी 3741 निघाली. ही त्यांची लाडकी, सप्तर्षीतली. 2005 साली खोडदच्या निरीक्षणांत दिसलं, की तिची वायूची तबकडी ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या आठपटीहून जास्त लांब पसरलीय. "एवढा गॅस पडून, आणि तारे मोजके! जड मूलद्रव्यं कमी, धूळ कमी, वायू निवणार कसा?"

"आपल्या घरातलंच सांगताय," वहिनी म्हणाल्या. "गेल्या दिवाळीला फळ्या आणल्या, स्क्रू आणले, ड्रिल आणलं. मांडणी कुठाय?"

थालीपीठ एका बाजूनं करपलं होतं. सरांनी तीच बाजू मागून घेतली, खाल्ली, आणि आश्चर्य म्हणजे उठून ड्रिल शोधून काढलं. पहिलं भोक खुणेच्या दोन इंच खाली पडलं. चुन्याचा पोपडा निघाला. वहिनी काही बोलणार, तोवर सर चष्मा कपाळावर चढवून त्या भोकाचा काठ न्याहाळू लागले होते.