विनाअट स्वीकार

मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्यांनी शाळेतल्या इंटर्नशिपचं सोनं कसं करावं, हे आमच्या घराजवळच्या शाळेकडून शिकावं. शाळांत समुपदेशक हवेत, असं 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. शाळेने तत्परतेने एक बिनपगारी इंटर्न आणली.

पहिल्याच दिवशी तिला सातवी ‘ब’चा ऑफ तास मिळाला. मग आठवी ‘क’चा. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सांगितलेला ‘विनाअट स्वीकार’ पुस्तकात अवघड वाटतो. ऑफ तासांचं वेळापत्रक हाती आलं की आपोआप साधतो. गॅदरिंगच्या तालमी, बाकांवर परीक्षेचे नंबर चिकटवणं, गुणांच्या बेरजा, हे सगळं गटसमुपदेशनच. स्वतंत्र खोलीही दिली आहे. तिथे लेझीम आणि दोन ढोल असतात, पण ते बाहेर काही बोलत नाहीत.

हीच पद्धत वैद्यकीय शिक्षणातही आणावी. होऊ घातलेल्या सर्जनने आधी वर्षभर रुग्णालयाच्या दारात रिक्षा थांबवाव्यात. माणसं कळतात.

डिसेंबरात नववीतली एक मुलगी रडत त्या खोलीशी आली. इंटर्न ऑफ तासावर होती. शिपाई मावशींनी मुलीला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि मध्ये एक शब्द न बोलता अर्धा तास ऐकून घेतलं.

ती केस इंटर्नच्या अहवालात जमा झाली. मावशींना जिना उशिरा झाडल्याबद्दल मेमो मिळाला.