ऑक्सकाका

गाडी घ्यायला गेलेला माणूस मायलेज विचारतो, हप्ता विचारतो, फार तर रंग विचारतो. ऑक्सकाका दार उघडून थेट पुढच्या दोन सीटांमधल्या कप्प्यात डोकं घालतात. बाहेर विक्रेता हॉर्सपॉवरचं गुणगान करत असतो आणि आतून घुमणारा आवाज येतो, "ते सगळं राहू द्या. ऑक्स कुठेय?" साडेतीन मिलिमीटरचं ते गोल छिद्र दिसलं नाही की काका गुडघे झटकत उठतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. काकू तोपर्यंत शोरूममधल्या गारव्यात बसून फुकटची कॉफी पीत असतात. त्यांना या कार्यक्रमाला किती वेळ लागतो हे पाठ आहे.

काकांचं खरं नाव फक्त मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर सापडतं. एरवी चँडलरमधल्या सगळ्या मराठी घरांत ते ऑक्सकाकाच. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सच्या आग्नेयेला असलेलं हे गाव 1912 मध्ये ए. जे. चँडलर नावाच्या गुरांच्या डॉक्टरने वसवलं. एके काळी इथे शहामृग पाळत, आजही दर वर्षी त्यांच्या नावाने जत्रा भरते. आता मात्र गावाचा व्यवसाय चिपचा. काकाही त्यातलेच. नोकरीवर ते नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर बिनचूक जोडले जातात की नाही ते बघतात, आणि संध्याकाळी घरी येताना गाडीत एकच वायर जोडता न आल्यामुळे कपाळाला आठ्या घालून बसतात.

जोडायचं काय, तर आयपॉड. 160 जीबीचा, क्लासिक. पहिला आयपॉड 2001 मध्ये आला तेव्हा त्यात 5 जीबी जागा होती. काकांनी तेव्हा वाट पाहिली, कारण तेवढ्यात त्यांचं नाट्यसंगीतसुद्धा मावलं नसतं. 2014 मध्ये क्लासिक बंद झाला असं कळताच त्यांनी आणखी एक आणून देवघराखालच्या कपाटात ठेवला. आत जे आहे ते सगळं त्यांनी स्वतः भरलेलं. पुण्याहून आणलेल्या अलूरकरांच्या कॅसेट, छप्पन्न गाणी पुरी असलेलं गीतरामायण, मामांनी सवाई गंधर्वच्या मांडवात मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण, ज्यात बंदिशीपेक्षा शेजारच्या माणसाचा खोकला स्पष्ट ऐकू येतो. साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला साठ मिनिटंच लागतात. तिथे घाई चालत नाही. असे कित्येक हिवाळे गेले.

"काका, हे सगळं हल्ली फोनवर मिळतं की," असं कोणी म्हणालं की काका त्याच्याकडे किवेने बघतात. "मिळतं. आणि उद्या त्यांनी काढून घेतलं तर? हा खोकला मिळतो का तुझ्या फोनवर?" या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूचा आहे. दर महिन्याला भाडं भरून दुसऱ्याच्या कपाटातली गाणी ऐकण्यापेक्षा आपलं कपाट आपल्याकडे असलेलं बरं. फक्त ते कपाट गाडीत उघडायला हवं ना!

काकांच्या आयुष्याचे कालखंड नोकऱ्यांवरून नाही, प्लगांवरून पडतात. पहिल्या जुन्या कॅमरीत कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर होता. त्याच्या शेपटाला लागलेली वायर डिस्कमनला जोडायची. त्या काळाबद्दल काका रामराज्याबद्दल बोलावं तसं बोलतात. मग आला एफएम ट्रान्समीटर. सिगारेट पेटवायच्या भोकात खोचायचा, रेडिओवर एखादी मोकळी जागा शोधायची आणि आपलं गाणं त्या जागेवर ऐकायचं. पण फिनिक्सच्या आसपास मोकळी जागा मिळणं दादर स्टेशनबाहेर मिळण्याइतकं कठीण. मिळालीच, तर ती पुढच्या गावापर्यंत टिकत नाही. फ्लॅगस्टाफला जाताना सनसेट पॉइंटच्या चढावर भीमसेनजींची तान ऐन भरात असताना मधेच एक पाद्री येऊन पश्चात्ताप करायला सांगू लागला, तेव्हा काकूंनी हात जोडले होते. काकांनी ट्रान्समीटर दुसऱ्या आकड्यावर नेला. तिथे घोड्यांच्या खुराकाची जाहिरात चालू होती.

2003 मध्ये आयपॉडला तीस पिनांचा चपटा प्लग आला आणि पुढे गाड्याही त्याच्याशी बोलू लागल्या. काकांनी तशी गाडी घेतली आणि आता प्रश्न मिटला असं जाहीर केलं. 2012 मध्ये तो प्लग गेला, लाइटनिंग आला. काकांचा आयपॉड अर्थातच तीस पिनांचाच राहिला. 2016 मध्ये फोनमधलं गोल छिद्रच बुजवलं गेलं आणि हळूहळू गाड्यांमधलंही. म्हणून काकांच्या खांद्याला कायम एक झोळी असते: दोन्हीकडून टोकदार वायर, लाल-पांढऱ्या शेंड्यांची वायर, तीस पिनांची, ब्लूटूथची डबी, आणि गाठी सोडवायला काकूंची जुनी विणायची सुई.

त्या झोळीत एक बोटभर लांबीची काळी डबीही आहे, तिची कथा वेगळी. एका रविवारी आम्ही 347 च्या रस्त्याने मॅरिकोपाच्या महागणपती मंदिरात निघालो होतो. आयपॉडला चार्जिंगही गाडीचंच आणि आवाजही गाडीतच, असा जोड काकांनी जमवला होता. गाणं सुरू झालं आणि त्याच्या मागे एक बारीक शिट्टी. काका ॲक्सिलरेटर दाबतील तशी ती चढत जायची.

"ऐकलंस? अल्टरनेटर!" काका खुशीत म्हणाले. "वीज आणि आवाज दोघांचं अर्थिंग दोन वाटांनी गाडीला मिळतंय. त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरचा आवाज आत शिरतो."

"मला वाटलं तानपुरा," काकू मागून म्हणाल्या.

त्या काळ्या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तारेचा तारेशी संबंध राहत नाही, शिट्टी थांबते. काकांनी डबी मधे घातली आणि शिट्टी खरंच थांबली. मग त्यांनी ती काढून दाखवली, शिट्टी आली. परत घातली, गेली. मंदिर येईपर्यंत हेच चाललं. कोणतं गाणं होतं, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही.

खरं म्हणजे काकांचं असंच असतं. जोडणी होईपर्यंत जीव टांगणीला, आणि झाली की त्यांचा गाण्यातला रस संपतो. अस्थाई जेमतेम होते तोवर "आता बास जरा कमी करू" म्हणत बोट बटणाकडे जातं. अंतऱ्यापर्यंत पोहोचलेलं गाणं काकांच्या गाडीत मी ऐकलेलं नाही. "भीमसेनजी स्वतः गाडी हाकत गावोगावच्या मैफलींना जायचे," हे ते अभिमानाने सांगतात. जायचे खरं. पण वाटेत स्पीकरचे स्क्रू काढत बसले असते तर मैफल कोणी केली असती?

उन्हाळ्यात आणखी एक उपद्व्याप. आयपॉडसारख्या यंत्रांना 45 अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नका असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सला लागोपाठ 31 दिवस दुपारचा पारा 110 फॅरनहाइटच्या, म्हणजे 43 च्या, खाली थांबलाच नाही. उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तर विचारूच नका. म्हणून आयपॉड काकांबरोबर ऑफिसात जातो, जेवणाच्या थंड पिशवीतून, दहीभाताच्या डब्याशेजारी. एकदा झाकण सैल राहिलं. तेव्हापासून त्याच्या गोल चकतीला मोहरीचा वास येतो, पण तो चालतो.

ऑक्सचा एवढा शोध घेऊनही सध्याच्या गाडीत फक्त यूएसबीची भोकं आहेत. तिला आयपॉड कळतो, देवनागरी कळत नाही. काकांनी एका वर्षी सुट्टीत बसून सगळी नावं हौसेने देवनागरीत लिहिली होती. पडद्यावर त्यांचे नुसते चौकोन दिसतात. काका आता चौकोन मोजून राग ओळखतात. तीन चौकोन म्हणजे यमन, सहा म्हणजे मालकंस. पाच आले की पंचाईत: भैरवी असेल, नाहीतर मारवा. सकाळी कामावर जाताना मारवा लागला तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

त्याहून मोठा ताप म्हणजे, गाडी सुरू केली की ती वर्णक्रमाने पहिलं गाणं आपणहून वाजवू लागते. काही नावं रोमनमध्येच राहिली होती, त्यांतला 'ए' अक्षराचा एक अभंग काकांना रोज सकाळी पार्किंगमधून निघताना ऐकावा लागे. हे दुखणं जगभरचं. 2017 मध्ये समीर मेझराही नावाच्या गृहस्थाने यावर तोडगा म्हणून पाच वेळा 'ए' लावून नाव दिलेलं, जवळजवळ दहा मिनिटांचं नुसत्या शांततेचं 'गाणं' विकायला ठेवलं, आणि लोकांनी ते धडाधड विकत घेतलं. काका संतापले. "शांतता विकत घ्यायची? आपण घरी करू!" आणि कपड्यांच्या कपाटात बसून, दार लावून, त्यांनी दहा मिनिटांची शांतता ध्वनिमुद्रित केली. 'एएए' असं नाव देऊन आयपॉडमध्ये भरली.

ती ऐकून तपासायची त्यांना गरज वाटली नाही. शांततेत काय तपासायचं? दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक नवा मुलगा शेजारी बसला होता. प्राइस रोडच्या सिग्नलला, सातव्या मिनिटाला, चारही स्पीकरांतून काकूंचा आवाज आला: "अहो, कपाटात बसून काय करताय?"

काका म्हणतात, मुलाला मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं. पण फाइल त्यांनी बदलली नाही. आवाजाची पातळी इतकी सुरेख पुन्हा जमणार नाही म्हणे.

मागच्या महिन्यात काकांची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून काकूंनी फोनवरून वेमो बोलावली. बिनचालकाच्या या गाड्या चँडलरकरांना नव्या नाहीत. 2018 मध्ये कंपनीने पैसे घेऊन प्रवासी न्यायला सुरुवात केली ती याच भागात. मी त्या दोघांबरोबर डाउनटाउनला जेवायला निघालो होतो. स्टिअरिंग आपोआप फिरत होतं, काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मागच्या सीटभोवती हात फिरवत होते. एक भोक सापडलं, पण ते फक्त वीज देणारं. गाणी हवी असतील तर ती फोनवरून, कंपनीच्या वाटेने. काकूंनी तेवढ्यात फोनवर बोट ठेवलं आणि किशोरीताई सुरू झाल्या. एका बोटात, खरखर नाही, शिट्टी नाही.

"बंद कर गं," काका म्हणाले.

झोळीतून ब्लूटूथची डबी निघाली, एक मुठीएवढा स्पीकर निघाला, वायरीची गाठ सुईने सुटली. रे रोड गेला, चँडलर बुलव्हार्ड आला. निळा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला आणि काकांनी घाम पुसत यादीतलं पहिलं बटण दाबलं.

आम्ही कान दिले. काहीच नाही.

"अहो, लागलं नाही वाटतं," काकू म्हणाल्या.

"लागलंय," काका म्हणाले. "तू सातव्या मिनिटाला आहेस."