अस्सलबरहुकूम नक्कल

(स्थळ : निवृत्त शिरस्तेदार मामांचा दिवाणखाना. भाचा नवा डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन आला आहे. मामी स्वयंपाकघरात.)

भाचा : व्हीसीआरच्या पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या वायरी रेकॉर्डरला जोडल्या, मामा. आता ताईच्या लग्नाची कॅसेट लावायची, बटण दाबायचे आणि तीन तास स्वस्थ बसायचे.

मामा : तीन तास? अरे, ज्या यंत्राची महती तू आल्यापासून माझ्यापुढे गात आहेस, ते जर आमच्या कचेरीतील, चष्मा पुसत पुसत सातबारा उतरून देणाऱ्या नक्कलनविसाहून तसूभरही चपळ नसेल, तर त्याची किंमत मी खर्चाच्या कोणत्या सदरात दाखवावी?

भाचा : फीत जेवढ्या वेगाने फिरते तेवढ्याच वेगाने चित्र उतरते. लग्न तीन तासांचे, नक्कलही तीन तासांची.

मामा : म्हणजे ज्या पंगतीत व्याह्यांच्या थोरल्या बंधूंनी, मठ्ठा प्रथम आपल्या पानात वाढला नाही एवढ्या क्षुल्लक कारणावरून, सर्व वऱ्हाडाचे अन्न तहकूब ठेवले, ती पंगत पुनश्च साद्यंत भोगणे आले! बरे, या तबकडीत मावते किती?

भाचा : 4.7 गिगाबाइट. चित्र उत्तम हवे तर एक तास, साधारण चालत असेल तर दोन, आणि मन घट्ट केले तर सहा तास.

मामा : सहा! कागदाच्या दोन्ही अंगांस लिहावे, ही आमची शिस्त.

भाचा : ताईच्या चेहऱ्याचे चौकोन होतील.

मामा : मग चार तासांवर तडजोड कर. बाकीच्यांचे चौकोन झाले तरी हरकत नाही.

भाचा : फितीवर बुरशी होती, ती साफ करून घेतली, तशीच लावली असती तर व्हीसीआरचे हेड बरबटले असते. पण एक कोडे आहे. कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला आहे, म्हणजे हिच्यावर पुन्हा काही चढू नये अशी तजवीज शूटिंगवाल्याने केली होती. मग त्या भोकावर ही चिकटपट्टी कोणी लावली?

मामा : धूळ जाऊ नये म्हणून असेल. तू कामाचे बोल.

मामी (आतून) : तो विकत आणलेला सिनेमाही उतरवून घे रे!

भाचा : नाही उतरणार, मामी. विकतच्या कॅसेटीत मॅक्रोव्हिजनचा पहारा असतो. तो ओळखून रेकॉर्डर कामच नाकारतो.

मामा : चोख अंमलदार! आमच्या तालुक्यास असा एकही लाभला नाही.

भाचा : सरतेशेवटी तबकडी फायनलाइज करायची, नाहीतर ताईकडच्या प्लेअरवर ती बहुधा चालायची नाही.

मामा : शिक्कामोर्तब! त्यावाचून नक्कल परगावी ग्राह्य नाही, हे या जपान्यांना उमगलेले पाहून समाधान वाटले.

भाचा : आणि मग ही कॅसेट टाकून द्यायची ना?

मामा : अस्सल टाकून नक्कल जपायची? सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ब’ वर्गाचा 30 वर्षे, ‘क’ वर्गाचा 10, आणि ‘ड’ वर्गाचा एका वर्षात रद्दीत जातो. कन्येचा विवाह हा ‘अ’ वर्ग होय.

(कॅसेट सुरू होते. काही वेळाने.)

भाचा : मामा, सप्तपदीचे चौथे पाऊल पडले आणि... हे ईडन गार्डन्स आहे!

मामा : हळू! 13 मार्च 1996, विश्वचषकाची उपान्त्य फेरी. 252 धावा हव्या होत्या, 120 धावांत आठ गडी तंबूत परतले होते, आणि अशा राष्ट्रीय आपत्तीत घरात कोरी कॅसेट सापडेना.

मामी (आतून) : एवढा गलका कसला? वरात निघाली का?

मामा (मोठ्याने) : निघाली, निघाली!

मामी : होम नीट दिसतो का रे?

भाचा : जाळ दिसतो आहे, मामी. बाटल्याही पडताहेत.

मामी : कसल्या बाटल्या? अत्तराच्या? आणि पाठवणीच्या वेळी रडते आहे, ती मीच ना?

भाचा : विनोद कांबळी आहे, मामी.