बर्फवाले अंकल

मे महिन्यात दिल्लीचा पारा पंचेचाळिशीला टेकला की सगळं शहर बर्फ मागतं. बर्फवाले अंकल तेव्हा खऱ्या बर्फाला नावं ठेवत असतात. "नुसते नखरे! दिवे लागेपर्यंत दम निघत नाही त्याला."

शिक्षण पहाडगंजच्या नूतन मराठीत, बिऱ्हाड नोएडात आणि धंदा जाहिरातींच्या फोटोंसाठी बर्फ पुरवण्याचा. फोटोग्राफर एका ग्लासाभोवती तास-दोन तास दिवे सरकवत बसतो. तेवढ्यात खऱ्या बर्फाचं पाणी होतं आणि सरबताचा रंग उतरतो. म्हणून अंकलचे ॲक्रिलिकचे खडे. हाताने घासलेले, कोपरे जरासे बोथट केलेले, पोटात एखादा तडा मुद्दाम ठेवलेला. ते भाड्याने जातात आणि शूट संपल्यावर मंगल कार्यालयातल्या वाट्यांसारखे मोजून परत घेतले जातात. एक कमी भरला की अंकल आधी स्पॉटबॉयच्या गालाकडे बघतात. एका पोराने खडा तोंडात टाकून बराच वेळ चोखला होता. अंकलच्या मते त्यांच्या कलेला मिळालेली ती सर्वात प्रामाणिक दाद.

ॲक्रिलिक पाण्यात बुडतं, ही मात्र त्यांची दुखरी नस. खरा बर्फ तरंगतो, साधारण दहावा हिस्सा वर काढून. त्यावर तोड म्हणजे तळापासून काठापर्यंत ग्लास खड्यांनी गच्च भरायचा. मग कोण बुडालंय आणि कोण तरंगतंय, हे विचारायची सोयच उरत नाही. वर स्वतःचं शास्त्र असतंच. बर्फाचा अपवर्तनांक 1.31, पाण्याचा 1.33, त्यामुळे स्वच्छ बर्फ पाण्यात जवळजवळ दिसेनासा होतो. ॲक्रिलिकचा 1.49, म्हणून ते उठून दिसतं. "म्हणजे सांगा, फोटोत खरा कोण?" याला उत्तर देऊ नये, पाऊण तास जातो.

ग्लासावरचे दवाचे थेंबही त्यांचेच. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं, आधी फवारा, मग इंजेक्शनच्या सुईने एकेक थेंब. त्या वेळी ते श्वाससुद्धा नाकाच्या एका बाजूने घेतात असा सेटवर समज आहे.

ओतण्याचं, फुटण्याचं दृश्य असलं की नाइलाजाने खरा बर्फ करावा लागतो, आणि तोही काचेसारखा नितळ. थर्मोकोलचा उघडा डबा पाण्याने भरून डीप फ्रीझरमध्ये. बाजूंनी थंडी शिरत नाही, पाणी वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा तळाकडे ढकलली जाते. तळ गोठायच्या आत लादी बाहेर काढायची, खालचा दुधट भाग करवतीने उडवायचा. पाणी उकळून घेतलं की काम होतं, असं कुणी म्हणालं तर अंकल त्याच्याशी बोलणं सोडतात. "अहो, मटार कुठे ठेवू?" हा काकूंचा दर जानेवारीचा प्रश्न. दिल्लीत वर्षाचे मटार तेव्हाच सोलून ठेवायचे असतात. अंकल म्हणतात, मटार काय, बाजारात मिळतात.

पुण्याच्या भाच्याने मध्ये एक बातमी दिली: महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याचा बर्फ निळा करावा लागतो, एफडीएचा तसा आदेश आहे. अंकलचा चेहरा उतरला. निळ्या बर्फाचं सरबत कोण विकत घेणार? रात्रभर विचार करून सकाळी निकाल दिला, "माझा बर्फ अखाद्य नाहीच मुळी. तो बर्फच नाही."

छतरपूरच्या एका फार्महाऊसवरच्या लग्नात बर्फाचा भलामोठा हंस ठेवला होता. पाहुणे सेल्फी घेत होते, अंकल हंसाच्या पोटात टॉर्च मारून बघत होते. केटरर धावत आला, "असली है, अंकलजी!" अंकलनी नखाने खरवडलं, बोट चाटलं आणि मान हलवली. "असली आहे रे, पण पटत नाही."

होर्डिंगवरच्या ग्लासात एकटाच खडा तळाशी बसलेला दिसला तर तो अंकलचा नव्हे, एवढं नक्की समजा. आणि कधी त्यांना घरी बोलावलंत, तर सरबताच्या भानगडीत पडू नका. सरळ चहा टाका.