घाईत गोठलेले दगड

आपल्याकडे घाईची बाजू कुणी घेत नाही. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधून आपण मोकळे झालो आहोत. भूशास्त्राचं पुस्तक उघडलं, तर दगडही आपल्याच पक्षाचे असावेत असं आधी वाटतं.

ग्रॅनाइटच घ्या. जमिनीखाली काही किलोमीटर खोल शिलारस लाखो वर्षं सावकाश निवत राहतो. अणूंना हिंडायला, जागा शोधायला, वाढत्या स्फटिकाला जाऊन चिकटायला वेळच वेळ. म्हणून गुलाबी-पांढरा फेल्डस्पार, धुरकट क्वार्ट्झ, काळं चकचकीत अभ्रक, सगळं भिंगाशिवाय दिसतं. ओट्यासाठी ग्रॅनाइट निवडताना आपण ज्या ठिपक्यांवर भाळतो, ती या निवांतपणाची कमाई. (कुळकुळीत काळा म्हणून मिळतो तो बहुधा ग्रॅनाइट नसतोच, पण दुकानात हे बोलू नये, भाव कमी होत नाही.)

आपला सह्याद्री मात्र दुसऱ्या पंथाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापलेला लाव्हा भेगांतून वर आला आणि उघड्यावर पसरला. वर हवा, खाली थंड जमीन. स्फटिकांची बीजं ठिकठिकाणी एकदम धरली, पण वाढायला सवड कुणालाच मिळाली नाही. म्हणून बेसॉल्टचे कण नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. जाड थर आतपर्यंत निवायला वर्षानुवर्षं लागत असत, ती गोष्ट वेगळी. भूशास्त्रात त्यालाच घाई म्हणतात.

म्हणजे बहुतेक महाराष्ट्र गडबडीतच घडला. बिघडलं कुठे? बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतले म्हणून तर हा काळा पाषाण चिवट झाला. त्यात वेरूळचं कैलास कोरता आलं, रायगडाला कडे मिळाले आणि टाकी लावलेल्या पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चटणी वाटली गेली.

पण शंका निघतेच: पोत खरंच वेगामुळे बदलतो, की मुळातला मसाला वेगळा म्हणून? ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त असते, हे खरंच आहे. याचा निवाडा एडिनबर्गच्या सर जेम्स हॉल यांनी केला. काचकारखान्यात फार हळू निवलेली काच दगडासारखी अपारदर्शक होते, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी आपल्या भागातला बेसॉल्टसारखा काळा दगड भट्टीत वितळवला. झटकन निववला, तर काच झाली. तीच काच पुन्हा वितळवून सावकाश निववली, तर पुन्हा कणीदार दगड! मसाला तोच, बदलला तो फक्त वेग.

गंमत पुढेच आहे. असे खडक वितळलेल्या रसातून घडतात, हे मांडणारे जेम्स हटन हॉल यांचे ज्येष्ठ स्नेही. प्रयोगानं बळ मिळणार होतं ते त्यांच्याच मताला. पण एवढ्याशा मुशीत डोकावून पृथ्वीचा कारभार कळतो, हे हटन यांना मुळीच पटत नसे. हॉल भिडस्त. १७९७ साली हटन वारले, आणि १७९८ मध्ये हॉल यांनी आपला निबंध वाचला. दगड निवायला तास पुरले; निबंधाला वर्षं लागली.

मला मात्र कसारा घाटातला एक बेसॉल्ट जास्त जवळचा वाटतो. त्याच्या बारीक काळ्या अंगात काही सेंटिमीटर लांबीचे पांढुरके फेल्डस्पार रुतलेले असतात. खाली कोठीत ते आरामात वाढत होते, तेवढ्यात रस उसळून वर आला आणि उरलेला सगळा बाहेर भराभर गोठला. आपलंही पुष्कळसं असंच असतं. पाढे, पोहणं, आजोळची बोली अशा दोन-चार गोष्टी सावकाश जमलेल्या. बाकीचं शहाणपण नोकरी, लग्न, घराचे हप्ते यांच्या धबडग्यात जसं जमेल तसं गोठलेलं. चारचौघांत दाखवायला ते स्फटिक बरे. पण त्यांना जागेवर धरून ठेवतो, तो घाईत गोठलेला काळा भागच.