मांजरावर किती मिली?

आमच्या शेवंताला पिसवा झाल्या. घरात ही बातमी फुटली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. साडेआठच्या आत गल्लीतल्या चौघांनी चार औषधं सुचवली. चारही कपाशीवरची.

यवतमाळ जिल्ह्यात किडा दिसला की हात पंपाकडे जातो. बोंडअळी असो, तुडतुडे असोत, ढोराच्या कानातला गोचीड असो, प्रश्न एकच: पंपाला किती मिली? 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. चौकशा झाल्या, मास्क वाटले, वाटतानाचे फोटो निघाले. पंप त्याच खुंटीला आहे. त्याच्या खालच्या फळीवर उरलेलं पाव बाटली औषध आहे, आणि त्याला लागून साखरेचा डबा.

तर मी कृषी केंद्रात गेलो.

"मांजर केवढं हाय?"

"असेल तीनेक किलो."

"मंग अर्धं टोपण, बकेटभर पानी. सांजच्याले एक पिसू दिसली तं मले सांगा."

बाटलीवरच्या पिवळ्या त्रिकोणावर मी बोट ठेवलं. "लाल नाही ना भाऊ," त्यानं धीर दिला. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा म्हणजे नुसता जास्त विषारी. एवढ्यावर आपल्याकडे संसार चालतात.

बाटलीत सायपरमेथ्रीन होतं. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाचा अर्क. म्हणजे शेवंताला शेवंतीनंच मारायचा बेत होता. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत हे रसायन बऱ्यापैकी मोडून काढतं, मांजराच्या यकृताला ते साधत नाही. त्यात मांजर स्वच्छतेचं वेडं. अंगावर टाकाल ते तासाभरात चाटून पोटात. मग अंग थरथरतं, झटके येतात, आणि पिसवांच्या आधी मांजरच जातं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रीनचं औषध 'थोडंसंच' मांजराला लावणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून देणारे प्रेमळ लोक तर थेट खुनाच्या कलमात बसावेत.

बाटली तिथंच ठेवून मी शेवंताला थैलीत घातलं, तोंड तेवढं बाहेर, आणि ढोरांच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं रजिस्टर ओढलं.

"जनावर?"

"मांजर."

रकाने होते गाय, बैल, म्हैस, शेळी. त्यानं वरून खाली पाहिलं, मग खालून वर. "शेळीत टाकू का?"

राजेहो, हा तोच जिल्हा आहे. 2018 साली इथं पांढरकवड्याच्या जंगलात अवनी वाघिणीसाठी हत्ती आणले, पॅराग्लायडर आणला, इटालियन जातीचे कुत्रे आणले आणि तिला भुलवायला कॅल्व्हिन क्लाइनचं 'ऑब्सेशन' नावाचं अत्तर शिंपडलं. शेवटी 2 नोव्हेंबरच्या रात्री गोळीच घातली. मोठ्या मांजराला विलायती अत्तर आणि लहान्याला रजिस्टरात रकाना नाही. शेवंता शेळी म्हणून आत गेली.

डॉक्टरीणबाई मात्र खऱ्या निघाल्या. त्यांनी शेपटी वर केली आणि विचारलं, "अंथरुणात तांदळाचे दाणे सापडतात का?"

सोबत आलेली आमची ही माझ्याकडे बघायला लागली. महिनाभर ती गोधडीवरून वाळके तांदूळ वेचत होती आणि अंथरुणात बसून खिचडी खाल्ल्याचा आळ माझ्यावर होता. परवा त्यातला एक दाणा चालला, तेव्हा ती गप्प झाली होती. ते फीतकृमीचे तुकडे. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं, पिसवेच्या पोटातला जंत मांजराच्या पोटात वाढतो. लहान पोरानं चुकून पिसू गिळली तर त्यालाही तो होतो. त्यामुळे एकट्या जंताची गोळी देऊन भागत नाही, पिसवाही जायला हव्यात. शेवंताचं वजन करून मगच गोळी ठरली, आणि मानेवर, जीभ पोचणार नाही अशा जागी, मांजरासाठीच्या औषधाची छोटी नळी रिकामी झाली. "खरी वस्ती मांजरावर नसते," बाई म्हणाल्या. अंडी आणि कोष गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या भेगांत. गोधडी कढत पाण्यात टाकून उन्हात घालायची. ऊन काय, यवतमाळात फुकट आहे, मे महिन्यात तर सक्तीचं.

घरी येतो तो कौटुंबिक सभा भरलेली. मुलगी बाळंतपणाला येणार, तेव्हा शेवंताला पोत्यात घालून बाजाराच्या पलीकडे सोडा, असा आत्याबाईंचा ठराव. कारण मांजराचा केस. केसानं काही होत नाही हे सांगून पाहिलं. भीती धरायचीच तर टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची धरावी. तो मांजराच्या विष्ठेतून येतो खरा, पण बाहेर पडल्यावर रोगकारक व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून राखेची पाटी रोज साफ करायची, आणि ती गरोदर बाईनं नाही, जावयानं. हे ऐकून जावयाच्या बाजूनं एकदम मांजर सोडण्याच्या ठरावाला पाठिंबा आला.

हे बोलणं चालू असताना आत्याबाईंनी ज्या विळीवर मटण कापलं, त्याच विळीवर काकडी चिरली. वर न धुतलेला सांभार पेरला. हा जंतू कच्च्या मटणातून आणि मातीच्या भाजीतूनही येतो, पण विळीला आणि सांभाराला कोणी पोत्यात घालत नाही.

शेवंता घरातच आहे. पाटी जावई काढतो, तोंड वाकडं करून. एवढंच सांगतो मंडळी: खोक्यावर मांजराचं नाव आणि वजन छापलेलं नसेल, तर ते औषध दुकानदाराला परत करा. आणि साखरेचा डबा तेवढा दुसऱ्या फळीवर ठेवा.