फेसाचे माप

जावयाला अधिकमासात काय द्यावे, हे आपल्या पूर्वजांनी इतक्या स्पष्टपणे ठरवून ठेवले आहे, की त्यात सासऱ्याच्या बुद्धीला काडीचाही वाव राहू नये: ३३ अनारसे, ते न साधल्यास बत्तासे, तेही न साधल्यास म्हैसूरपाक, परंतु जे काही द्यावयाचे ते जाळीदार असले पाहिजे आणि सोबत दिवा असला पाहिजे. सौर व चांद्र वर्षांत दरसाल पडणारी सुमारे अकरा दिवसांची तूट साधारण ३३ महिन्यांनी एक महिना वाढवून भरून काढावी लागते, हे मला समजते. ज्योतिषांच्या या जमाखर्चातली शिल्लक जावयाच्याच पदरात का टाकावयाची, हे मात्र मला कधी उमगलेले नाही. असो. शके १९४५ चा अधिक श्रावण, म्हणजे २०२३ च्या जुलैची १८ तारीख, जवळ येत असताना आम्ही उभयता म्युनिक शहरात कन्येच्या घरी मुक्कामास होतो. आणि सौभाग्यवतीने पुण्याहून अनारशाचे पीठ डब्यात घालून सीमाशुल्क खात्याच्या नजरेखालून सुखरूप आणलेले असूनही, जावयांना घरच्या घरी नळाची थंडगार बिअर देणारे यंत्र द्यावे, असा संकल्प मी सोडला.

मी स्वतः पिणारा नव्हे. मुंबई दारूबंदी अधिनियम आणि मी दोघेही १९४९ चे; फरक इतकाच, की अधिनियमात आजवर अनेक दुरुस्त्या झाल्या आणि माझ्यात एकही होऊ शकली नाही, असे सौभाग्यवतीचे मत आहे. त्या अधिनियमान्वये आमच्या राज्यात मद्यप्राशनास आजही रीतसर परवाना लागतो, आणि मी तो कधी मागितला नाही. अशा निष्कलंक मनुष्याने जावयाला बिअरचे यंत्र द्यावे, यातील मनाचा मोठेपणा कोणाच्याही नजरेतून निसटू नये, ही माझी इच्छा होती, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘नव्या पिढीशी जुळवून घेणे’ या विषयावर मी वेळोवेळी भाषणे केली आहेत. परत गेल्यावर सहज बोलण्याच्या ओघात, पाणी पिता पिता, हे यंत्राचे वृत्त तेथे कसे सोडावे याची वाक्यरचनादेखील मनात तयार झाली होती.

शास्त्राधाराची मला चिंता नव्हती. बिअरच्या फेसाइतका जाळीदार पदार्थ त्रिभुवनात दुसरा नाही, आणि या यंत्रांना एक हिरवा दिवाही असतो, हे मी सौभाग्यवतीच्या निदर्शनास आणले. शिवाय अनारशाचे तांदूळ तीन दिवस पाणी बदलत भिजवावयाचे, कुटून गुळात मुरवावयाचे. बिअरचे जव भिजवून, मोड आणून, वाळवून पुढे आंबवावयाचे. तेव्हा कुळाचार जवळजवळ एकच, असेही मी प्रतिपादन केले. “जव होमालाही लागतात,” ती म्हणाली, “म्हणून काय बाटलीने आहुती द्यायची?” या युक्तिवादास उत्तर नसल्याने मी यंत्रांच्या पाहणीस निघालो.

या वस्तूंच्या जाती अनेक आहेत. अगदी खालच्या पायरीवर पाच लिटरचे पत्र्याचे पिंप: बुडाशी तोटी, माथ्यावर हवा घेण्यास छिद्र, आणि बाकी सर्व काम गुरुत्वाकर्षणाकडे. हवा आत शिरली, की तिच्यातील प्राणवायूने पेयाची चव एक-दोन दिवसांत उतरते. शिवाय असले पिंप ताटात ठेवून औक्षण करणे मला प्रशस्त वाटेना. सर्वांत वरच्या पायरीवर अमेरिकन हौस: तेथील लोक अख्खे शीतकपाट पोखरून त्यात साडेपंधरा गॅलनांचे, म्हणजे सुमारे ५९ लिटरांचे, पिंप बसवतात, शेजारी कर्बवायूचे नळकांडे उभे करतात आणि दर पंधरवड्यास नळ्या धूत बसतात. याला भेटवस्तू म्हणत नाहीत. सरकारी भाषेत याला साठा म्हणतात. मधल्या पायरीवर दोन पर्याय उरले. एक, कोणत्याही कारखान्याचे पाच लिटरी पिंप पोटात घेणारे व सोळा ग्रॅमच्या वायूच्या नळीने धार काढणारे. दुसरे, फिलिप्सचे परफेक्टड्राफ्ट, जे सहा लिटरांचे पिंप तीन अंशांपर्यंत थंड करते आणि तोटी जोडल्यावर तीस दिवस पेय ताजे ठेवते, परंतु सोवळ्यातल्या आजीप्रमाणे आपल्या मांडणीतल्या पिंपाखेरीज कोणालाही शिवत नाही. ज्या यंत्रांत थंडाव्यासाठी पेल्तिए या फ्रेंच गृहस्थाने १८३४ साली शोधलेले तत्त्व वापरतात, म्हणजे दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यांतून वीज नेली असता एक सांधा निवतो आणि दुसरा तापतो, ती यंत्रे पाच लिटर निववावयास रात्र आणि वर निम्मा दिवस घेतात. कामाचा हा वेग मला नोकरीमुळे परिचयाचा होता.

नोकरीचा उल्लेख झालाच आहे, तर फेसाविषयी बोलणे प्राप्त आहे. कारण मी वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो, ज्या खात्याचे आता ‘वैध मापन’ असे भारदस्त नामकरण झाले आहे. मापाच्या बुडाला आतून मेण लावणे, पत्र्याला ठोका देऊन पोचा पाडणे, तागडीच्या पारड्याखाली चिंचोका चिकटवणे, या सर्व कला मी पाहिल्या, जप्त केल्या आणि त्यांचे पंचनामे लिहिले. परंतु फेसापुढे मी आयुष्यभर हतबल राहिलो. दूधवाला हात उंच नेऊन धार सोडतो, माप काठोकाठ भरते, गिऱ्हाइकाचे समाधान होते; आणि निरीक्षकाने पंच गोळा करून, त्यांची नावे, वये व धंदे लिहून, त्यांच्या सह्या घेईपर्यंत मुद्देमालच विरून जातो. म्युनिकला आल्यावर मला कळले, की माझे हे दुःख जागतिक आहे, आणि या शहराने त्याची दखल माझ्या खात्यापेक्षा अधिक गांभीर्याने घेतली आहे. येथे १८९९ साली नागरिकांनी पेल्यात कमी बिअर ओतण्याच्या लबाडीविरुद्ध रीतसर मंडळ स्थापन केले. ते मागे पडले, तेव्हा १९७० मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. येथील पेल्यावर मापाची रेघ कोरलेली असते. पेय त्या रेघेपर्यंत आले पाहिजे आणि फेसाने आपला संसार रेघेच्या वर थाटावा, असा दंडक आहे. ती रेघ मी प्रथम पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण चष्मा पुसावा लागला, हे खरे आहे.

एवढ्यावर हे लोक थांबलेले नाहीत. म्युनिक विद्यापीठातील आर्न्ड लायके या भौतिकशास्त्रज्ञांनी तीन प्रकारच्या बिअरी ओतून त्यांचा फेस कोणत्या गतीने उतरतो याची मोजदाद केली आणि किरणोत्सारी पदार्थांचा ऱ्हास ज्या घातीय नियमाने होतो, त्याच नियमाने फेसही ओसरतो, असे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००२ चे इग नोबेल पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक आधी हसू आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनास देतात. मला हसू आले नाही. हा नियम मजजवळ १९७५ साली असता, तर फेस विरल्यानंतरही मूळ फेस किती होता हे उलट गणिताने काढून मी कित्येक दूधवाल्यांना न्यायासनापुढे उभे केले असते. फेसाची घडणही पाहण्याजोगी आहे. बुडबुड्याचे कवच जवातील प्रथिने आणि हॉप्सच्या फुलांतील कडू द्रव्ये यांच्या संगनमताने तयार होते. पेय थंड व दाबाखाली असेल तोवर वायू त्यात विरघळून निमूट बसतो, हा विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेला नियम. आणि पेय कोमट झाले, की तोच वायू सर्वच्या सर्व निसटू पाहतो, पेल्यात नुसता फेस उभा राहतो आणि यजमान ओशाळतो. बिअर आणि थंडावा यांचे नाते जुने आहे; थंड करण्याची यंत्रसामग्री उभी करणारे कार्ल फॉन लिंडे यांस १८७० च्या दशकात पहिला भक्कम आश्रय मिळाला तो याच म्युनिकच्या श्पाटेन मद्यशाळेत. सौभाग्यवती ज्या शीतकपाटात दह्याचे सट ठेवते त्याचे पितृत्व अंशतः बिअरकडे जाते, हे मी तिला अद्याप सांगितलेले नाही.

या सर्व विद्वत्तेच्या मुळाशी एक टॉवेल होता. तिकडच्या घरांना तळघर असते आणि कन्येचे धुलाईयंत्र तेथेच आहे. आम्ही आल्यापासून कन्या आणि जावई संध्याकाळी कपडे वाळत घालावयास जोडीने खाली जाऊ लागली, आणि एवढ्याशा कपड्यांना एवढा वेळ कसा लागतो, याचे मला आश्चर्य वाटू लागले. एके दुपारी छत्री शोधत मी खाली गेलो, तो धुलाईयंत्रामागे टॉवेलाखाली बाटल्यांचा क्रेट होता आणि त्यावर पालथे घातलेले दोन पेले होते. एक नव्हे, दोन. मला राग आला, पिण्याचा नव्हे. स्वतःचे कर्ज स्वतः फेडणाऱ्या, हाताखाली माणसे बाळगणाऱ्या या चाळिशीतल्या दोघांनी, मी वर वर्तमानपत्र वाचीत बसलो आहे म्हणून, स्वतःच्याच घरात फरारी असल्यासारखे ओल्या कपड्यांत उभ्याने दोन घोट घ्यावे, एवढी दहशत मी कोणत्या कर्तबगारीवर कमावली होती? मी त्या पोरीवर कधी आवाज चढवला नाही. पण जवळ बसवून मोकळेपणी बोललो, असेही आठवत नाही. तशी बोली आमच्या घराण्यात नाही. माझ्या वडिलांनी मला जी काही माया दाखवली ती मनीऑर्डरीच्या कुपनावर, तीही जागा उरली तर. ‘वर या, बसून प्या’ हे चार शब्द मी तीन संध्याकाळी ओठांपर्यंत आणले आणि प्रत्येक वेळी ‘उद्या पाऊस आहे का?’ असे विचारले.

तेव्हा यंत्राच्या निवडीचा माझा खरा निकष वायू, तापमान अगर लिटर हा नव्हता. ती वस्तू टॉवेलाखाली मावता कामा नये आणि दिवाणखान्यातच ठेवावी लागली पाहिजे, एवढाच होता. दुकानातल्या तरुणाने मला एक सुटसुटीत, दोन लिटरांचे यंत्र आग्रहाने दाखवले. ‘कमी जागा व्यापते,’ असे तो आपल्या इंग्रजीत पुनःपुन्हा सांगत होता, आणि तोच त्याचा दोष आहे, हे मी माझ्या इंग्रजीत पुनःपुन्हा सांगत होतो. अखेरीस मी त्याच्याकडून सर्व नमुने फळीवर ओळीने मांडवून घेतले, खिशातील पोलादी फीत काढली, उंची-रुंदी टिपून घेतली आणि आटोपशीरपणात सर्वांत नापास झालेले, सोवळ्यातल्या आजीचे घराणे निवडले. पिंप रिकामे होताना तळाशी किती पेय शिल्लक राहते, असे विचारताच त्या पोराने वरिष्ठास बोलावले. वरिष्ठालाही ते ठाऊक नव्हते. माझी जुनी कळी खुलली.

अधिकातल्या रविवारी चांदीच्या निरांजनासह वाण दिले. खोके उघडताच जावयांचा चेहरा असा झाला, की जणू मी तळघराचा झडतीचा हुकूमच बजावला आहे. “बाबा, हे... तुम्ही?” एवढेच ते म्हणाले, कन्या तबक सावरण्यात एकाएकी फार गुंतली. मी पावसाविषयी काही बोललो. यंत्र रात्रभर थंड होऊन हिरवा दिवा लागल्यावर, दुसऱ्या संध्याकाळी, दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष तोटी ओढण्यात आली. सुंदर, शुभ्र फेस पेल्यात उभा राहिला आणि मी लायके यांचा नियम समजावून सांगण्यास घसा खाकरतो न खाकरतो तोच, घातीय काय नि अघातीय काय, कोणत्याही नियमाला न जुमानता तो समूळ नाहीसा झाला. स्निग्ध पदार्थाचा अंश पेल्याला असला, की फेसाचे कवच फाटते, हे मी कोठेसे वाचले होते. त्याच पेल्यांतून दुपारी सौभाग्यवतीने पातळ केलेले साजूक तूप पुरणपोळीबरोबर वाढले होते, कारण वाट्या कमी पडल्या होत्या.

“तुमचं जाळीदार विरलं,” अनारशांचे ताट पुढे सरकवीत ती म्हणाली. “माझं मोजून घ्या. तेहतीस आहेत.”

मोजणी करणे हा माझा धर्म असल्याने मी ती केली, बत्तीस भरले. जावयांच्या हनुवटीला खसखस लागलेली होती. दरम्यान कन्येने पेले सोडा घालून पुन्हा धुतले, नव्याने भरून एक जावयांपुढे ठेवला, आणि दुसरा, माझ्याकडे न पाहता, हातात धरून खिडकीशी उभी राहिली. पेल्यावर रेघ होती. पेय रेघेच्या खाली दोन बोटे होते आणि वर निव्वळ फेस.

“श्रीरंगराव,” मी म्हणालो, “हिला माप भरून द्या. अन् तू तिकडे काय उभी आहेस? इकडं बस.”